मुख्याध्यापिकाबाईंची फाइल

रेणुका बिराजदारला एकेकाळी संध्याकाळी घरी जायची धास्ती वाटत असे. घरात काही वाईट होतं असं नाही. तिचा नवरा प्रमोद वीज कंपनीत नोकरीला, गप्पिष्ट, स्वयंपाकात हात चालणारा, बायकोवर जीव असलेला. पण सात वाजता ती उंबऱ्यात पाऊल टाकी तेव्हा तिच्या अंगात दिवसभराची सहा माणसं असत. कुणाचा मुलगा गेलेला, कुणाला लग्नाच्या नावानेच धाप लागणारी, आणि एक जण तर काही बोलतच नसे, पाऊण तास नुसता गुडघा हलवत बसे. तो घरी जाई आणि मग हिचा गुडघा हलू लागे. 'कसा गेला दिवस?' असं प्रमोद विचारी, 'बरा' म्हणून ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसे. पंधरा वर्षं थेरपिस्ट म्हणून काम केल्यावर तिच्या संसारात एवढंच संभाषण शिल्लक राहिलं होतं, आणि पुढे प्रमोदने तेही विचारणं सोडलं.

मग निवळी आली.

नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चपखल ठेवलं. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून घातलं की गाळ तळाला बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. हे यंत्र माणसाचं तसंच करी. मनगटावर एक पट्टा आणि कानाला लावायची एक चिमटी, बस्स. इतकं किरकोळ, की प्रमोदने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला ते कमी ऐकू येणाऱ्यांचं यंत्र वाटलं होतं.

त्यामागचं विज्ञान समजायला अवघड नाही. दोन माणसं समोरासमोर बसून मनापासून बोलू लागली की त्यांची शरीरं हळूहळू एका लयीत येतात. श्वास, नाडी, तळहाताचा घाम, सगळं एकमेकांच्या मागोमाग चढतं-उतरतं. हे शास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक होतं. नवा शोध लागला तो असा, की बोलणं संपल्यावर सांगणाऱ्याची लय सुटते, पण ऐकणाऱ्याची लवकर सुटत नाही. समोरच्याच्या धडधडीचा ठसा त्याच्या मज्जासंस्थेत तासन्‌तास राहतो. दिवसाला सहा ठसे, आठवड्याला तीस. या ठशाला 'उरण' असं नाव पडलं आणि ते शून्य ते शंभर अशा आकड्यात मोजता येऊ लागलं. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची एक लांबलचक नस आहे. तिची एक फांदी कानात येते. चिमटी त्या फांदीला बारा मिनिटं मंद विद्युतस्पंद देई आणि उरण उतरत जाई. क्लायंटने सांगितलेला शब्द न्‌ शब्द लक्षात राही, फक्त तो अंगाला चिकटून राहत नसे.

परकी लय वेगळी काढायची तर आधी मालकाची स्वतःची लय माहीत हवी. तीही सोय होती. निवळी रोज सकाळी, पहिला क्लायंट येण्याआधी, मालकाला दहा मिनिटं मोजून घेई आणि जे सापडेल ते 'याचं स्वतःचं' म्हणून बाजूला ठेवी. त्याच्या वर दिवसभरात जे चढेल तेवढंच उरण धरलं जाई. या सोयीबद्दल त्या वर्षी कुणीही काही शंका काढली नाही.

समुपदेशकांच्या परिषदेने लवकरच नियम केला: उरण पंधराच्या खाली आल्याशिवाय पुढचं सेशन घ्यायचं नाही. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या 'सांगाती' केंद्रात, जिथे रेणुका काम करी, तिथे प्रत्येक खोलीच्या दारावर त्यासाठी हिरवा दिवा बसला. आणि खरं सांगायचं तर त्या दिव्याने रेणुकाचा संसार वाचवला. ती आता मोकळ्या अंगाने घरी येई, ओट्याशी उभी राहून शेंगाची चटणी चाखून बघे, प्रमोदच्या साहेबाची नक्कल त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेई आणि पोट धरून हसे. पंधरा वर्षांनी बायको परत मिळाल्यासारखा तो माणूस आनंदात होता, त्यामुळे या यंत्राला कुणी नावं ठेवली की ती फणकारत असे.

नावं ठेवणारा केंद्रात एकच होता, तोही गमतीने. व्यंकटेश म्याकल. वय त्रेपन्न, या कामात सत्तावीस वर्षं, दाजी पेठेतल्या विणकरांच्या घरातला. रेणुकाला त्यानेच शिकवलं होतं. क्लायंट रडायला लागला की कागदी रुमालाचा डबा पुढे सरकवायचा नाही, इथपासून ते माणूस जिवावर उदार झालाय अशी शंका आली तर आडवळणं न घेता सरळ विचारायचं, इथपर्यंत. ती त्याला सर म्हणे. निवळीबद्दल तो म्हणायचा, "झाडू चांगला आहे. पण घरात काय काय पडलं होतं ते आता कुणी बघत नाही."

याला कारण होतं. म्याकल सरांनीच गुरुवारची बैठक सुरू केली होती. दर गुरुवारी चारच्या चहानंतर चौघे एकत्र बसत: सर, रेणुका, लहान मुलांबरोबर काम करणारी फरजाना आणि केंद्राचे डॉक्टर आराध्ये. प्रत्येकाने आपल्याला जड जाणारी एक केस मांडायची, बाकीच्यांनी ऐकायची, सुचवायचं. सोलापूर एवढं मोठं झालं तरी कुणाची मावशी कुणाची शेजारीण निघेल सांगता येत नाही, म्हणून नियम कडक होते. नाव, गाव, धंदा सगळं बदलून सांगायचं. बाईचा बुवा करायचा, बुवाची बाई. आणि काही झालं तरी 'हा कोण?' असं विचारायचं नाही. हा नियम मोडलेला कुणाच्या ऐकिवात नव्हता.

पूर्वी केस ऐकून झाली की सर पहिला प्रश्न विचारत, "अंगात कुठे लागलं?" कुणी म्हणे घशात, कुणी म्हणे छातीत. त्यावरूनच निम्मी केस उलगडत असे, कारण थेरपिस्टला पुष्कळ गोष्टी डोक्याआधी पोटात कळतात. निवळी आल्यापासून या प्रश्नाला 'कुठे नाही' असंच उत्तर येऊ लागलं, कारण केस ऐकून होताच सगळ्यांच्या कानाला चिमट्या लागत. मग सरांनी तो प्रश्न सोडून दिला.

जानेवारीत त्यांची बायको पद्मा मुलीच्या बाळंतपणासाठी हैदराबादला गेली. फेब्रुवारीत त्यांनी गुरुवारी एक नवी केस मांडली. पन्नाशीतल्या मुख्याध्यापिकाबाई. शाळा उत्तम चाललेली, पालक खूष, मुलं पाया पडतात. पण बाईंना हल्ली कुणाचं काही वाटत नाही. मुलांची नावं आठवतात, मुलं आठवत नाहीत. घरी गेल्यावर बूट काढायला वाकतात आणि मग का वाकलो ते कळत नसल्यासारख्या तशाच बसून राहतात. आपण नसलो तर शाळा आहे तशी चालेल, असं त्या अगदी हिशेबी आवाजात सांगतात.

'बाई असून बूट?' असं फरजानाच्या मनात आलं होतं, हे तिने नंतर सांगितलं. पण तपशील बदलताना असं होतंच, म्हणून ती बोलली नाही.

त्या गुरुवारी रेणुकाचं उरण एकेचाळीस दाखवत होतं. हे जरा विचित्र होतं. केस दुसऱ्याच्या तोंडून ऐकली तर आकडा पाच-सातच्या वर जात नाही; सांगणारा स्वतः शांत असतो, मग ऐकणाऱ्याच्या अंगावर चढणार काय? तिने यंत्र बिघडलं म्हणून तक्रार केली. दुरुस्तीवाला आला, पट्टा बदलून गेला. पुढच्या गुरुवारी चव्वेचाळीस. बारा मिनिटांत उतरतोय ना, मग झालं, असं म्हणून तिने नाद सोडला आणि प्रमोदबरोबर ठरलेल्या जेवणाला निघून गेली.

चार महिने मुख्याध्यापिकाबाई दर गुरुवारी येत राहिल्या. डॉक्टर आराध्ये औषधं सुचवत, फरजाना व्यायाम सुचवी. शेवटी मे महिन्यात रेणुकानेच निर्वाळा दिला. ती म्हणाली की सर, या बाई तुमच्यावर रेलल्या आहेत. धोका काही दिसत नाही. तुम्ही सेशन महिन्यावर न्या, थोडं अंतर ठेवा, नाहीतर त्यांना कायमची सवय लागेल. सरांनी आपल्या बारीक अक्षरात ते पेन्सिलीने लिहून घेतलं आणि बरोबर आहे म्हणाले. आपल्या गुरूला आपण काहीतरी शिकवलं, याचा रेणुकाला थोडा अभिमानही वाटला.

त्यानंतरच्या गुरुवारी सर प्रसन्न होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. मुख्याध्यापिकाबाईंची फाइल बंद केली म्हणाले. बाईंनी स्वतःच सांगितलं, आता काही लागत नाही, फार हलकं वाटतंय. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सर रविवारपासून पंधरा दिवस हैदराबादला चालले होते, नातीला बघायला. रेणुकाच्या पोटात त्या क्षणी बर्फ ठेवल्यासारखं काहीतरी झालं. तिने पट्ट्याकडे पाहिलं तर सदुसष्ट. तिने चिमटी लावली. बारा मिनिटांनी आकडा नऊ होता आणि पोट ठीक होतं.

परिषदेला दर सहा महिन्यांनी सगळ्यांच्या उरणाचा अहवाल पाठवावा लागे. यंदा ते काम रेणुकाकडे होतं. शनिवारी दुपारी, बाहेर सत्तेचाळीस अंश तापलेलं असताना, ती केंद्रात एकटी चौघांचे आलेख एकाखाली एक लावत बसली होती. सगळे ठीक, फक्त तिघांच्या आलेखांत दर गुरुवारचा सुळका नजरेत भरत होता. तिचा एकटीचा पट्टा बिघडलेला नव्हताच. फरजाना अडतीस, आराध्ये छत्तीस, ती एकेचाळीस. तेच गुरुवार, तीच मिनिटं, म्याकल सर बोलत होते ती. म्हणजे त्या खोलीत दर गुरुवारी कुणीतरी खरोखर बुडत होतं आणि तिघांची शरीरं ते टिपून घेत होती.

तिने सरांचा आलेख पाहिला. त्याच मिनिटांना तिथे शून्य होतं. एका क्लायंटला चार महिने दर आठवड्याला भेटणारा माणूस तिच्याबद्दल बोलतोय आणि त्याच्या अंगावर तिचं काहीच चढलेलं नाही, हे अशक्य होतं. एकच शक्यता होती. जे होतं ते सरांचंच होतं, आणि यंत्राने ते रोज सकाळी मोजून 'याचं स्वतःचं' म्हणून बाजूला ठेवलं होतं.

रेणुका दोन्ही हात टेबलावर ठेवून बसली. थेरपिस्टवर दुसऱ्यांचं ओझं साचतं, म्हणून एवढं यंत्र निघालं, परिषदेचे नियम झाले. त्याच्या पदरी स्वतःचं काही असेल, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्याही नाही. आणि सरांनी सांगितलं कसं, तर त्यांना येत होतं तसं. सत्तावीस वर्षांत त्यांनी मदत मागितलेली कुणी पाहिली नव्हती, केस मात्र ते फार छान मांडत. आजारपण उघड केलं असतं तर परिषदेने सहा महिने काम काढून घेतलं असतं, ती भीती वेगळीच. मग तिला तो इस्त्रीचा सदरा आठवला. महिनोन्‌महिने खचलेला माणूस एकाएकी हलका झाला तर घाबरायचं, हेही तिला सरांनीच शिकवलं होतं. तिने फोन लावला, तो बंद होता.

दाजी पेठेपर्यंत तिने स्कूटर कशी नेली ते तिला आठवत नाही. खालचे माग कधीच विकलेले, वर दोन खोल्या. आपण उशिरा आलोय, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. दार सरांनीच उघडलं.

त्यांनी बस म्हटलं, पाणी दिलं. गाडी उद्याची आहे, म्हणाले. टेबलावर त्यांच्या एकोणीस क्लायंट्सच्या फाइली ओळीने लावलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर, कुणाकडे सोपवायची, ते पेन्सिलीने लिहिलेलं होतं. सात फाइलींवर तिचं नाव होतं. पंधरा दिवसांच्या रजेसाठी कुणी इतकी आवराआवर करत नाही.

तिने सुरुवात केली ती सवयीने, सेशनमधल्या आवाजात. झोप कशी आहे, जेवण होतंय का, हल्ली कुठल्या गोष्टीत रस वाटतो. सर प्रत्येक प्रश्नाला नीट, मोजकं उत्तर देत होते. चौथ्या की पाचव्या प्रश्नाला ते किंचित हसले.

"रेणुका, ही यादी मीच केलीय. इथे 'अधूनमधून' म्हणायचं असतं. म्हणजे पुढचा प्रश्न येत नाही."

तिच्या ध्यानात आलं की या माणसासमोर तिच्याजवळचं एकही हत्यार चालणार नाही. सगळी त्याच्याच हातची होती. तिला भयंकर राग आला. त्यांचा, स्वतःचा, त्या चिमटीचा. सोळा वर्षांत ती त्यांच्यासमोर कधी आवाज चढवून बोलली नव्हती, आणि आताही तिला ओरडता आलं नाही, नुसतं रडू फुटलं. रडत रडतच तिने सगळं सांगून टाकलं: आलेख, ते शून्य, सदुसष्टचा आकडा, पोटातला बर्फ आणि तो तिने कसा बारा मिनिटांत घालवला ते. अंतर ठेवा असं मीच तुम्हाला सांगितलं, आणि वर मला त्याचा अभिमान वाटला, म्हणाली. मग थांबून तिने नियम मोडला.

"सर, मुख्याध्यापिकाबाई कोण आहेत?"

ते खिडकीकडे बघत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी तेलुगूत मोठ्याने भाव करत होतं.

"त्यांना जीव द्यायचाय का?" तिने विचारलं. तिचा आवाज कापत होता आणि तिने तो सावरला नाही. "तुम्हाला द्यायचाय का?"

भीतीने तिचे गुडघे हलत होते. सरांनी त्या हलणाऱ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग उठून त्यांनी कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातून एक कापडी पिशवी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"उद्याचं हे होतं," ते म्हणाले. "गाडी नव्हती."

तिने पिशवीत डोकावून पाहिलं, तिचं तोंड घट्ट बांधलं आणि ती आपल्या पायाशी, त्यांचा हात पोचणार नाही अशी ठेवली. मग डॉक्टर आराध्येंना फोन करून गाडी घेऊन ताबडतोब या म्हणून सांगितलं. सर एवढंच म्हणाले की हे कागदावर आलं तर माझं काम जाईल, आणि काम गेल्यावर माझ्याजवळ काय राहतं ते तू सांग. काम जाईल हे तिला ठाऊक होतं, आणि बहुधा ते तिला याबद्दल कधी माफ करणार नाहीत, हेही. तरी तिने दुसरा फोन लावला, हैदराबादला.

पद्माताईंनी उचलला. मागे तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. रेणुकाने त्यांना बाजूला जाऊन बसायला सांगितलं आणि सगळं सरळ सांगितलं, आडवळण न घेता. आधी हे, की ते ठीक आहेत, माझ्या समोर बसलेत, आणि मी इथून हलणार नाही. मग बाकीचं. पद्माताईंना पहिल्यांदा ते कळेच ना. रोज सकाळी फोनवर बोलतो आम्ही, म्हणत राहिल्या, रोज बाळाची चौकशी करतात. मी निघते, म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"असं मनात घेऊन चार महिने एकटे राहिले? कुणाला एका शब्दाने सांगितलं नाही का हो त्यांनी?"

रेणुकाने सरांकडे पाहिलं. ते ऐकत होते.

"सांगितलं, ताई," ती म्हणाली. "दर गुरुवारी सांगत होते. आम्ही तिघं समोर बसून ऐकत होतो."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, त्यांचे खांदे हलू लागले, आणि रेणुका फोन कानाला तसाच धरून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.